उंबऱ्याबाहेरचा पाय

सिंगापूरमधल्या आमच्या वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला लागून एक खोली आहे. तिला खिडकी नाही. भिंती वीतभरापेक्षा जाड काँक्रीटच्या आणि दार पोलादी, बँकेच्या तिजोरीला शोभेल असं. युद्ध झालं, बॉम्ब पडले, तर घरातल्यांनी आत बसायचं म्हणून ती बांधलेली आहे. इथल्या नव्या इमारतींमध्ये घरोघरी अशी खोली असते आणि घरोघरी तिची अडगळ होते. आमच्याकडे तिच्यात सुटकेसा, आट्याच्या पिशव्या, गणपतीचं मखर आणि आईने घातलेल्या शेवटच्या लोणच्याची बरणी होती. मुलं तिला शेल्टर म्हणतात. मी नऊ वर्षं तिला स्टोअर म्हणत आले, आणि एका शनिवारी ती रिकामी करून तिथे बाबांची झोपायची सोय केली.

हे मी मोठ्या अभिमानाने केलं, ते आधीच सांगून टाकते. आई गेल्यापासून बाबा साताऱ्याजवळच्या आमच्या गावी एकटे राहत होते. मी एकुलती एक. रोज फोनवर "जेवलात का?" आणि "जेवलो" एवढंच बोलणं व्हायचं, आणि त्या "जेवलो"वर माझा काडीचा विश्वास नव्हता. परत जाणं मला शक्य नव्हतं. नवऱ्याची नोकरी, माझी नोकरी, नोकरीला बांधलेला इथे राहायचा पास, मुलीचं सहावीच्या मोठ्या परीक्षेचं वर्ष. यातली एक वीट काढली तर बाकीचं सगळं अंगावर यायचं. म्हणून मी बाबांनाच आणायचं ठरवलं. आधी भेटीच्या पासवर यायचं, इथे रुळले की लांबच्या मुदतीच्या पासचा अर्ज करायचा आणि मग कायमचं इथेच राहायचं. अर्जाचा फॉर्म मी ते यायच्या आधीच छापून फ्रिजवर लावला होता. मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. त्यामुळे माझ्या कामात चूक असू शकते ही शंका मला सहसा येत नाही.

एका खोलीत आम्ही दोघं, दुसरीत मुलगी आणि मुलगा, हॉलमध्ये मुलीची अभ्यासाची टेबलं आणि क्लासच्या वह्यांचे ढीग. उरलं शेल्टर. मी टेप घेऊन ते मोजलं. बाबांची उंची फोनवर विचारून घेतली. बरोबर मावेल अशी गादी आणली, उशाशी दिवा, पायाशी छोटा पंखा, त्यांच्या गोळ्यांसाठी फळी. भिंतीत हवेसाठी दोन गोल भोकं असतात, ती दिसायला वाईट म्हणून त्यांच्यावर कागद चिकटवून वरून मराठी कॅलेंडर टांगलं. नवरा म्हणाला, "अगं, तिथे गुदमरायला होईल त्यांना." मी म्हटलं, "दार उघडंच राहणार आहे. आणि तू काही सुचवणार असशील तर खोली सुचव." तो भांडणात फार लवकर गप्प बसतो, हा त्याचा दोष आहे.

बाबा आले, जेवले, आणि मी त्यांना त्यांची खोली दाखवली. ते दारातच उभे राहिले. पोलादी दारावरून त्यांनी हात फिरवला.

"हे कशाला गं एवढं जाड?"

माझ्याआधी मुलीनेच सांगून टाकलं. "बॉम्बसाठी, आजोबा. इफ गॉट वॉर, एव्हरीबडी गो इनसाइड आणि डोअर क्लोज."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं कौतुकाने पाहतायत. मग ते "बरं" म्हणाले आणि वाकून आत गेले.

त्यांनी एकच फरक केला. मी उशी आतल्या भिंतीकडे ठेवली होती, ती तशीच राहू दिली. पण झोपताना ते इतके खाली सरकायचे की उजवा पाय लोखंडी उंबऱ्यावरून बाहेर यायचा, पार घोट्यापर्यंत. सकाळी चहा ठेवायला जाताना मी रोज त्या पायाला अडखळायची. "बाबा, गादी मोजून आणलीय तुमच्या मापाची, जरा वर सरका ना." "हो हो," म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी पाय तिथेच. दुसरी खोड पंच्याची. दाराच्या फटीत ते कायम पंच्याचा बोळा ठेवायचे. मी उचलून दोरीवर टाकायची, संध्याकाळपर्यंत तो परत फटीत. मी वैतागून नवऱ्याला म्हणायची, बाबांना वय झाल्यावर नसते चाळे सुचायला लागलेत.

बाकी मात्र सगळं सुरळीत चाललंय अशी माझी समजूत होती. बाबा खाली बाकावर जाऊन बसायचे, शेजारच्या चिनी आंटीशी खाणाखुणांनी बोलायचे, हॉकर सेंटरवर, म्हणजे खालच्या खाण्याच्या टपऱ्यांवर, फक्त केळी घ्यायचे. जरा वाळल्यासारखे वाटायचे, दुपारी बाकावर बसल्या बसल्या पेंगायचे, पण हवा बदलली की असं होतंच. आमच्या गावी बाबांचं घोरणं प्रसिद्ध होतं. आई म्हणायची, यांच्या घोरण्याने आळीतली कुत्री जागी राहतात. इथे त्यांचा आवाज मला एकदाही आला नाही. मी मैत्रिणींना फोनवर सांगितलं, "भिंती काय जाड आहेत माहितीये, बाबांचं घोरणंसुद्धा बाहेर येत नाही." सगळ्या हसल्या. मीही हसले.

आणखी एक गोष्ट मी करत होते, ती आता लिहितानाही लाज वाटते. घरून काम असलं की ऑफिसच्या मीटिंगा मी शेल्टरमध्ये घ्यायची. घरात तेवढी एकच शांत जागा. बाबा गादीवर वाचत बसलेले असायचे. मी लॅपटॉप घेऊन आत शिरायची, "दहा मिनिटं हं बाबा," म्हणायची, आणि दार ओढून घ्यायची. पंच्यामुळे ते पूर्ण लागायचं नाही, बोटभर फट राहायची. तेवढ्या फटीतून वायफाय यायचं. दहाची चाळीस मिनिटं व्हायची. बाबा कपाळावरचा घाम पुसत दाराकडे बघत बसायचे. किती शहाणे, मध्ये एक शब्द बोलत नाहीत, असं मला वाटायचं.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर मला मीटिंग होती, आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी लादी फोडत होतं. डोक्यात घण घातल्यासारखा आवाज. मी आत गेले, दार ओढलं, ते नेहमीसारखं अडलं. माझी आधीच चिडचिड झालेली. मी दोन्ही हातांनी दाराचा आतला दांडा धरला, सगळं वजन टाकून दार खेचलं आणि दांडा खाली दाबला. खट्ट झालं. लादीचा आवाज बंद झाला. लॅपटॉपवरची माणसं तोंडं उघडी ठेवून थिजली, मग पडद्यावरून नाहीशी झाली.

दांडा परत वर जाईना. मी ओढला, ढकलला, लाथ मारली. पंच्याचा बोळा कुलपाच्या तोंडातच चेचून बसला होता. माझा फोन बाहेर ओट्यावर चार्जिंगला. नवरा ऑफिसमध्ये, मुलगा शाळेतून परस्पर फुटबॉलला. मुलगी येणार जादा तास संपवून, म्हणजे निदान दोन तासांनी.

आणि मी वडिलांवर ओरडले. "किती वेळा सांगितलं, पंचा दारात ठेवू नका! तुमच्या या खोडीमुळे अडकलो आपण. आता बसा."

बाबा भिंतीला पाठ लावून बसले होते, दोन्ही हात गादीवर दाबून. दिव्याच्या उजेडात त्यांचा चेहरा राखेसारखा दिसत होता. माझा राग तिथेच संपला आणि भीती वाटायला लागली. शहात्तर वर्षांचा माणूस, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा, आणि मी त्याला एका तिजोरीत घालून वरून बोलणी ऐकवली. मी दारावर हात आपटत राहिले. तो आवाज माझ्या कानांपलीकडे कुठे जात नव्हता.

"बस खाली," बाबा म्हणाले. "आधी ते कॅलेंडर काढ."

मी कॅलेंडर काढलं, नखांनी कागद खरवडला. भोकांतून थोडी हवा आली, ओट्यावरच्या फोडणीच्या वासाची.

"आता बोल काहीतरी. नाहीतर मी बोलतो. गप्प बसायचं नाही. आबा म्हणायचे, गप्प बसलं की माती जड होते."

आबा म्हणजे त्यांचे वडील, माझे आजोबा. ते पलटणीत होते, दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडलं तेव्हा पकडले गेले आणि लढाई संपल्यावर परत आले, एवढंच मला माहीत होतं. आणि एक गंमत म्हणून सांगितली जायची, की ते उन्हापावसात बाहेर अंगणातच झोपायचे. फार थंडी पडली तर दारात, पण एक पाय बाहेर टाकून. "म्हाताऱ्याचा एक पाय कायम मोहिमेवर," असं गावातले लोक म्हणायचे. आम्ही मुलं त्या पायाच्या अंगठ्याला दोरा बांधायचो.

"कुठली माती?" मी विचारलं.

बाबांनी दाराकडे बघतच सांगितलं. ते सलग बोलत नव्हते. मधेच थांबायचे, श्वास घ्यायचे, मी "मग?" म्हटलं की पुढे. पकडलेल्या शिपायांना जपान्यांनी बोटीच्या तळात कोंबून दूर समुद्रातल्या एका बेटावर नेलं. तिथे विमानांसाठी धावपट्टी करायची होती. नारळ तोडायचे, दगड फोडायचे, माती वाहायची. मग विमानं यायला लागली. अमेरिकेची, ऑस्ट्रेलियाची. म्हणजे आपल्याच बाजूची.

"ती धावपट्टीवर खड्डे पाडायची. रात्रभर आबांनी ते बुजवायचे. सकाळी पुन्हा विमानं. जपान्यांना लपायला खंदक होते, ते खणले या लोकांनीच, पण आत जायची परवानगी नाही. मग यांनी स्वतःसाठी उकिरड्याएवढे खड्डे खणले, वर नारळाची खोडं आडवी टाकली. आबा म्हणायचे, विमान आलं की दोन्ही मागायचो. देवा, यांना येऊ दे. देवा, यांचा नेम चुकू दे."

"तुम्ही मला हे कधीच का नाही सांगितलं?"

"तुला कधी वेळ होता?" बाबा म्हणाले. सरळ, काही न लावता म्हणाले, म्हणून जास्त लागलं.

मग एका सकाळी समुद्र बोटींनी भरून गेला. आधी बोटींवरच्या तोफा चालल्या. दिवसभर चालल्या. आजोबा खड्ड्यात होते आणि त्यांच्याबरोबर त्यांच्याच पलटणीतला, पलीकडच्या गावचा एक जण. गोळा जवळ पडला आणि खोडांसकट सगळी माती त्या दोघांवर आली. तोंडापुढे एका खोडाखाली थोडी पोकळी राहिली, तिच्यातून श्वास. हात हलत नव्हते. शेजारचा बोलत होता, मग बोलायचा थांबला. बाहेर काय चाललंय कळत नव्हतं. पुढचं तोंड फळीसारखं खाली पडणाऱ्या होड्या किनाऱ्याला लागत होत्या, त्यांतून शिपाई उतरत होते, हे त्यांना नंतर समजलं.

"आबांचा एक पाय बाहेर राहिला होता," बाबा म्हणाले. "खड्ड्यात शिरताना पूर्ण आत ओढायला वेळच मिळाला नाही. एका गोऱ्या शिपायाला तो दिसला. त्याला वाटलं मेलेला आहे. संगिनीचं टोक टोचून बघितलं, तर अंगठा हलला. मग खणून काढलं."

"आणि दुसरे?"

"तो पूर्ण आत होता."

बाबांनी आपला उजवा तळवा माझ्याकडे वळवला, टाचेजवळ बोट ठेवलं. "आबांना इथे खड्डा होता. मी लहानपणी पाय चेपायचो ना, तेव्हा अंगठा बरोबर त्यात बसायचा. रोज चेपताना तेच सांगायचे. निजताना एक पाय बाहेर ठेवावा बाळा, म्हणजे शोधणाऱ्याला दिसतो. रोज. मी काय लढाई बघितली नाही, पण मला बंद दारामागे श्वास घेता येत नाही. नोकरीत असताना रेस्टहाऊसच्या व्हरांड्यात झोपायचो. तुझ्या आईला माहीत होतं. मला वाटलं, तुलाही माहीत असेल."

मला काहीच माहीत नव्हतं. माझ्या लहानपणी आमच्या घराचं दार उन्हाळा-हिवाळा उघडं असायचं आणि मला ती गावाकडची पद्धत वाटायची. मी त्यांचा हात धरला. तो गार आणि ओला होता. "मग पहिल्या दिवशीच बोलायचं ना बाबा. मला हे नको म्हणायचं."

"तू एवढं मोजूनमापून केलं होतंस," ते म्हणाले.

त्यानंतर किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मी पाढे म्हटले. बाबांनी पाटबंधारे खात्यातल्या त्यांच्या सगळ्या साहेबांच्या नकला केल्या, आवाज कापत असताना केल्या. मला एकसारखं वाटत होतं की भिंती जवळ येतायत. या खोलीतून सुटले तरी पुढे फ्लॅट, पास, परीक्षा, आणि त्यांत कुठेच दांडा सापडत नाही. मी रडले. बाबा म्हणाले, "रड, पण आवाज काढून रड."

मग भोकातून मुलीचा आवाज आला. ती स्वयंपाकघरात आली होती आणि स्वतःशीच कुरकुरत होती. "आयो, व्हाय आजोबाज टॉवेल स्टक हिअर?"

पंच्याचं एक टोक दाराबाहेर लोंबत होतं. तिला ते वाळत घातलेलं वाटलं, तिने ओढून बघितलं, आणि आतून मी भोकाला तोंड लावून किंचाळले. शेजारच्या आंटी धावत आल्या. दोघींनी मिळून कापड कात्रीने कापलं, तेलाची बाटली कुलपावर रिकामी केली, दांडा वर उचलला. दार उघडलं तेव्हा बाबा पहिले बाहेर गेले नाहीत. त्यांनी मला पुढे ढकललं.

दुसऱ्या दिवशी मी शेल्टरमधली गादी हॉलमध्ये आणली, टेबलं एकावर एक चढवली. "बाबा, बघा, आता झालं ना? आता राहाल?" फ्रिजवरचा फॉर्म काढून मी त्यांच्यापुढे ठेवला. सही तेवढी बाकी होती. त्यांनी चष्मा लावून फॉर्म पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आणि घडी घालून मला परत दिला.

"इथे नको गं पोरी. मी येत जाईन."

"तिकडे एकटे पडाल. रात्री काही झालं तर कोण आहे?"

"दार उघडं असतं. कुणीही येतं."

मी भांडले. मला भांडता येतं, पण त्या दिवशी माझ्याजवळ मुद्दे नव्हते. शेवटी मीच तिकीट काढलं, सोमवार सकाळचं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्यांची बॅग भरून झाली होती. कापून उरलेला पंचा त्यांनी धुऊन घडी करून बॅगेत घातला होता. मी भांडी विसळत होते. मनात काही ठरवलेलं नव्हतं, पण मी हात पुसत त्यांच्यापाशी गेले आणि विचारलं, "बाबा, या घरात तुम्हाला कुठे झोपावंसं वाटतं?"

त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. फ्लॅटच्या मुख्य दाराकडे बोट दाखवलं. आमच्याकडे लाकडी दाराबाहेर लोखंडी जाळीचं दार असतं. रात्री लाकडी दार आम्ही कुलूप लावून बंद करतो, पण ते सताड उघडलं की जाळीतून कॉरिडॉरचा वारा येतो. मी तिथे चटई टाकली, उशी दिली. ते आडवे झाले, खाली सरकले, आणि जाळीच्या गजांमधून उजवा पाय बाहेर काढला. आंटी बाजाराची ढकलगाडी घेऊन आल्या, पायाकडे बघितलं, गाडी भिंतीला घासत पलीकडून नेली.

मी स्वयंपाकघरात परत गेले. एक ताट विसळलं असेल नसेल, तेवढ्यात तो आवाज सुरू झाला. मुलगी खोलीतून बाहेर आली. "ममा, व्हॉट इज दॅट?"

"आजोबा घोरतायत," मी म्हटलं.

आळीतली कुत्री जागी ठेवणारा तो आवाज भिंतींवरून येत होता, खिडक्यांची तावदानं थरथरवत होता. मी नळ बंद केला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच मी तो ऐकत होते. दोन महिने बाबा झोपलेच नव्हते. आणि मी माझ्या मैत्रिणींना सांगत होते की भिंती जाड आहेत म्हणून आवाज बाहेर येत नाही.

शेल्टरचं दार तर रोज रात्री उघडंच होतं. मी त्या पायाला रोज सकाळी अडखळत होते.